काहीही बदललेलं नाही, फक्त एकदा बघून घ्या

नवीन काही केलेलं असेल तर त्या कोडचा रिव्ह्यू सोपा असतो. चालतंय का बघायचं, दोन खुसपटं काढायची, पास करायचं. खरा छळ क्लीनअपचा, म्हणजे चालू कोड नुसता नीटनेटका करण्याचा. त्याच्या वर्णनात शेवटी एक वाक्य ठरलेलं असतं: 'वागणुकीत कोणताही बदल अपेक्षित नाही.' हे वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. कारण आता काहीच घडलेलं नाही हे मला सिद्ध करायचं असतं, आणि ते करताना माझा अख्खा आठवडा जातो.

आमच्या टीममध्ये एक नवा मुलगा आलाय. हुशार आहे, पण नीटनेटकेपणाचा अतिरेक. साफसफाईसाठी त्याला सबंध लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नेमकी पीसीआय स्कॅनिंगची फाइल सापडली. पीसीआय ही मशीनला कार्डं जोडायची पद्धत. आणि स्कॅनिंग म्हणजे मशीन चालू होताना कुठकुठली कार्डं जोडली आहेत, हे शोधून काढणारा कोड.

हे काम म्हणजे शुद्ध खानेसुमारी. २५६ गल्ल्या (बस), प्रत्येक गल्लीत ३२ घरं (डिव्हाइस), प्रत्येक घरात ८ खोल्या (फंक्शनं). एकूण ६५,५३६ दारं. सगळी वाजवत नाहीत म्हणा, पुढच्या गल्लीत जायला पूल असेल तरच तिकडे जायचं. दार वाजवून एकच प्रश्न विचारायचा: कंपनी कुठली? इंटेलवाले '८०८६' सांगतात. १९७८ सालच्या आपल्या चिपचा आकडा त्यांनी घराण्याचं नाव म्हणून लावलाय. घरात कोणीच नसेल तर उत्तरात सगळे बिट एक येतात. आणि कोणी 'आले हं, दोनच मिनिटं' म्हणालं तर '०००१' येतं. मग कर्नल एक मिलिसेकंद थांबतो, मग दोन, मग चार, असं दुप्पट करत साधारण मिनिटभर दारात उभा राहतो. एवढा संयम माझ्याकडे असता तर मी रिव्ह्यू करता करता एव्हाना संत झालो असतो.

तर या मुलाने पहिला हात घातला रिकामं घर ओळखणाऱ्या तपासणीला. तिथे एक नाही, चार उत्तरं 'रिकामं' धरलेली आहेत: सगळे एक, सगळे शून्य, आणि अर्धे हे अर्धे ते असे दोन प्रकार. त्याने तीन उडवली.

"सर, पीसीआयच्या स्पेकमध्ये, म्हणजे नियमावलीत, फक्त सगळे एक आहेत."

"अरे, वरची कॉमेंट वाचलीस का? काही बिघडलेले बोर्ड रिकाम्या स्लॉटलाही शून्य सांगतात, असं लिहिलंय."

"असे बोर्ड आता कोण वापरतं?"

आता याला काय सांगणार! जगात कुठल्या तरी कारखान्यात, धूळ खात पडलेल्या डब्यात, असा एक बोर्ड अजून इमानेइतबारे चालू असतो. त्याचा मालक वर्षानुवर्षं कोणाशी बोलत नाही. तुम्ही ती ओळ काढली की दुसऱ्या दिवशी त्याची मेल येते, आणि त्यात पहिलाच शब्द 'रिग्रेशन' असतो, म्हणजे 'आधी चालत होतं, तुम्ही मोडलंत'.

तीन तपासण्या परत आल्या. मग खोल्या एकामागून एक तपासणारं लूप. पहिली खोली, म्हणजे फंक्शन शून्य, असलीच पाहिजे असा नियम आहे. ती नसेल तर बाकीच्या विचारायच्याच नाहीत. पण पुढच्या खोल्यांचे नंबर सलग असले पाहिजेत असं मात्र कोणी म्हटलेलं नाही. शून्य आहे, एक नाही, दोन आहे, हे कायदेशीर घर आहे. आमच्या चिरंजीवांनी दोन लूपांचं एक केलं, दिसायला देखणं केलं, आणि एक नंबरची खोली बंद दिसली की 'ब्रेक' मारून निघून जायची सोय केली. दोन नंबरातले बसलेत आत वाट बघत!

वर पहिल्या खोलीच्या नियमालाही अपवाद आहेच. हायपरवायझर, म्हणजे एका मशीनवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, एखादं फंक्शन सुटं काढून पाहुण्या मशीनला देतं, तेव्हा फंक्शन शून्य दिसतच नाही आणि पाच दिसतं. आयबीएमच्या मेनफ्रेमवर हे रोजचं आहे. त्यासाठीची अट त्याने 'अनावश्यक' या शेऱ्यासह कापली होती. माझ्या कॉमेंटा त्याच्या पॅचपेक्षा, म्हणजे केलेल्या बदलापेक्षा, लांब झाल्या.

एवढं चाललेलं असताना बाकीची मंडळी कुठे होती? 'एनआर' या व्हेरिएबलला 'काउंट' म्हणावं का, यावर तावातावाने भांडत होती. लूपकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. नावावर मत द्यायला पीसीआय कळावं लागत नाही, एवढं त्यामागचं गूढ.

नवी आवृत्ती आली. जुन्या कर्नलवर 'एलएसपीसीआय' या कमांडने सापडलेल्या कार्डांची यादी घेतली, नव्यावर घेतली, दोन्हींचा डिफ मारला, म्हणजे फरक काढला. रिकामा. मग लॅबच्या कपाटातून खाचा असलेलं, म्हणजे मधली फंक्शनं गायब असलेलं एक कार्ड शोधून काढलं. पुन्हा डिफ. पुन्हा रिकामा. कोरा स्क्रीन बघून टाळ्या पिटणारा माणूस पाहून सिक्युरिटीवाला दोनदा डोकावून गेला.

सकाळच्या मीटिंगमध्ये मॅनेजरने विचारलं, "आठवड्याचं आउटपुट काय?"

"पूर्वी जसं चालत होतं तस्संच चालतंय."

"हो, पण तुम्ही काय केलंत?"

अप्रेझलच्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना नाही. मी 'स्थैर्य' असं काहीतरी पुटपुटलो आणि म्यूट दाबलं.

शेवटी मी पॅचखाली 'रिव्ह्यूड-बाय', म्हणजे तपासल्याची सही, लावलं. खरं सांगायचं तर कोड आता खरोखर सुटसुटीत दिसतो. लूप एक, अपवाद एका जागी, आणि ते का आहेत हे मराठी माणसालाही कळेल अशा इंग्रजीत लिहिलेलं. पोराचं कौतुक केलं. तो इतका खूश झाला, की लगेच खुर्ची ओढून शेजारी बसला.

"सर, पुढे ती क्वर्क्सची फाइल घेऊ का? नुसते अपवादच अपवाद भरलेत तिच्यात."

सहा हजारांहून जास्त ओळींची फाइल. जगातल्या प्रत्येक विक्षिप्त कार्डाची तक्रार आणि त्यावरचा उतारा तिच्यात नोंदवलेला.

मी शांतपणे एचआरचं पोर्टल उघडलं आणि त्याला विचारलं, "तुझी रजा किती शिल्लक आहे रे?"