'तुमच्या गाडीला बसतो' म्हणालात ना?

साइटवर गाडीचं मॉडेल निवडलं, वर्ष निवडलं, इंजिन निवडलं. हिरव्या अक्षरांत आलं, 'हा पार्ट तुमच्या गाडीला बसतो'. मागवला. चाक काढलं, जुने ब्रेक पॅड काढले, तर नवे कॅलिपरच्या, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या भागाच्या, खाचेत जाईचनात! जुना-नवा पाठीला पाठ लावून धरले, तर नवा दोन्ही टोकांना नखभर लांब.

हे तिसऱ्यांदा होतंय. आणि परत करायला गेलं की तेच पालुपद: पाकीट फोडलंय, आता घेता येणार नाही. अहो, पाकीट न फोडता पार्ट बसतो की नाही कळणार कसं?

एकाच वर्षाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांना वेगवेगळे ब्रेक असू शकतात, हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्यासाठीच तर १७ अक्षरं-आकड्यांचा चॅसिस नंबर असतो. तो विचारायला काय जातं?

मी चुकीचा निवडला असता तर गोष्ट वेगळी. युरोपीय संघात तर ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू १४ दिवसांत कारण न देताही परत करता येते. भारतातही २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. मग 'आमची पॉलिसी' कसली ऐकवता?

त्या हिरव्या अक्षरांचा स्क्रीनशॉट, दोन्ही पॅडचे फोटो, सगळं पाठवलंय. पूर्ण पैसे हवेत. कूपन नको.