दाभोळचं काय?

‘सरकारं स्वखुशीने करार करतात, मग लोकशाहीवर घाला कसला?’ हे परदेशी कंपन्यांशी होणाऱ्या सरकारी करारांवरच्या लेखातलं वाक्य आम्हा गुहागरकरांना पटणारं नाही. एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प आमच्याच तालुक्यातला. 1995 साली ‘एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू’ म्हणत शिवसेना-भाजप युती निवडून आली, ऑगस्टमध्ये करार रद्दही केला. कंपनी लंडनच्या लवादाकडे गेली, नुकसानभरपाईचा आकडा समोर आला आणि काही महिन्यांत तोच प्रकल्प, आधीपेक्षा मोठा, मंजूर झाला! केंद्राची प्रतिहमी (राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल, ही हमी) तर 1996 मध्ये वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने दिली.

मत आम्ही दिलं होतं, पण करारातली कलमं त्याहून वजनदार ठरली. ती आम्हाला कुणी वाचायलाही दिली नव्हती. 1997 साली प्रकल्पाला विरोध करणाऱ्या, शेजारच्या वेलदूर गावच्या कोळणींनी पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या. त्यांची ‘स्वखुशी’ कुणी विचारली होती?