आधी शत्रू ठरवा, मग ताट वाढा

संतुलित जेवायचं ठरवलंत ना? उत्तम. मग आता ताटाकडे अजिबात बघू नका. आधी एक शत्रू ठरवा. कार्ब्स (म्हणजे कर्बोदकं), प्रोटीन आणि फॅट या तिघांतून निवडायचा आहे, पण प्रोटीनला हात लावायचा नाही, ते सध्या घरातलं शेंडेफळ आहे, त्याचे सगळे लाड माफ. मागच्या पिढीने फॅटला घराबाहेर काढलं होतं आणि फॅट कमी केलेली, पण साखर घालून चवीला आणलेली बिस्किटं निर्धास्तपणे खाल्ली होती. आता पाळी कार्ब्सची. हा शोध अगदी ताजा आहे, असं ठासून सांगत चला. १८६३ साली लंडनमध्ये अंत्यसंस्कारांचा व्यवसाय करणाऱ्या विल्यम बँटिंग यांनी पाव, बटाटे, साखर आणि बिअर सोडून वजन उतरवलं आणि त्यावर पुस्तिकाही छापली, हे कुणाला कळू देऊ नका. (वाइन त्यांनी सोडली नव्हती. माणूस व्यवहारी होता.) कार्ब्स जवळजवळ बंद करून फॅटवर जगायचा कीटो आहारसुद्धा १९२१ साली निघाला तो अपस्माराच्या रुग्णांसाठी, पण तुम्हाला लग्नाच्या फोटोसाठी हवाय, त्यामुळे हा तपशील गौण.

कार्ब्स तोडलेत की पहिल्या आठवड्यात वजनाचा काटा झपाट्याने खाली येईल. शरीरात ग्लायकोजेनचा, म्हणजे कार्ब्सपासून बनवून ठेवलेल्या राखीव इंधनाचा, साधारण अर्धा किलो साठा असतो आणि त्याच्या दर ग्रॅमला तीनेक ग्रॅम पाणी चिकटलेलं असतं. साठा संपतो, पाणी निघून जातं. ही बातमी सातव्या दिवशीच सगळ्यांना कळवून टाका. आठव्या दिवशी कुणाच्या तरी वाढदिवसाला जायचंय, तिथे पाणी परत येतं.

पुढचा नियम म्हणजे एका पदार्थाला एकच आडनाव. भात कार्ब्स घराण्यातला, डाळ प्रोटीन घराण्यातली, विषय संपला. शंभर ग्रॅम शिजलेल्या मसुरात प्रोटीन साधारण नऊ ग्रॅम आणि कार्ब्स वीस ग्रॅम असतात, असं कुणी म्हणालं तर त्याच्यापुढे आपली डाळ शिजणार नाही, विषय बदला. तसं बघितलं तर वाटीचा तळ दिसेल इतकी पातळ केलेली डाळ कुठल्याच घराण्याची उरत नाही. पण वाटी ताटात आहे, म्हणजे प्रोटीन झालं. शेंगदाण्यांचंही असंच. त्यांच्या वजनात जवळजवळ निम्मी फॅट असते आणि प्रोटीन पाव हिश्शाला, तरी आडनाव प्रोटीनचंच लावायचं आणि मूठ भरायची.

आता मोजमाप. इथे मी अनुभवाने बोलतोय, कारण मी स्वयंपाकघरासाठी ग्रॅमचा काटा आणला होता. त्यावर रोज सकाळी बदाम मोजायचो. दहा बदाम, बारा ग्रॅम. चुकून अकरावा आला तर तो मी हळूच उचलून डब्यात परत टाकायचो, सातेक कॅलरी वाचल्याच्या समाधानात. मग त्याच हाताने बाटली धरून कढईत तेल सोडायचो, कानाला फोन, मान वाकडी, धार चालू. एका मोठ्या चमच्यात चौदाएक ग्रॅम तेल मावतं, म्हणजे सव्वाशे कॅलरी. माझी धार दोन चमच्यांची होती की तीन, हे मला आजही सांगता येणार नाही. तेल काट्यावर ठेवलं तर ओघळतं ना.

ग्रॅम आणि टक्के यांची गल्लत करायला मात्र विसरू नका, संतुलनाचा खरा आनंद तिथे आहे. ताटात साठ ग्रॅम कार्ब्स आणि तीस ग्रॅम फॅट असेल तर ‘फॅट निम्मीच’ म्हणून पाठ थोपटून घ्या. ॲटवॉटर नावाचे रसायनशास्त्रज्ञ एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हिशेब घालून गेले आहेत की कार्ब्स आणि प्रोटीनच्या दर ग्रॅममागे चार कॅलरी आणि फॅटच्या ग्रॅममागे नऊ. त्या हिशेबाने कार्ब्सच्या दोनशे चाळीस आणि फॅटच्या दोनशे सत्तर होतात. पण मेलेल्या माणसाच्या आकडेमोडीसाठी आपण का जेवण गार करायचं?

खरा धोका वेगळाच आहे. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने प्रौढांसाठी घालून दिलेल्या मर्यादा लाजिरवाण्या सैल आहेत. एकूण कॅलरींपैकी कार्ब्स ४५ ते ६५ टक्के, फॅट २० ते ३५, प्रोटीन १० ते ३५. भात, डाळ, भाजी, दही, एखादं अंडं असं निमूट जेवणारा माणूस काहीही न मोजता त्यात बसू शकतो. एवढं सोपं असेल तर आपण काटा कशाला आणला? म्हणून प्रोटीनची पावडर घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नासेक ग्रॅम. तुम्ही शंभराच्या पुढे जा. दंड फुगायला दंड हलवावा लागतो असं म्हणतात, तर पावडरचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा, तेवढीच हालचाल.

रात्री जेवण झालं की फोनवर नोंद करा. कार्ब्स, प्रोटीन, फॅट, तिन्ही वर्तुळं हिरवी दिसतील. पातेल्याच्या कडेची खरवड, मुलाने ताटात सोडलेले चार घास, उभ्याउभ्या खाल्लेला केकचा तुकडा यांची नोंद करायची नसते. बसून खाल्लं तरच ते जेवण. मग अकराच्या सुमारास झोप येत नाही म्हणून स्वयंपाकघरात जा आणि दिवा न लावता डबा उघडा. अकरावा बदाम जिथल्या तिथे असेल. बिस्किटांचा डबा त्याच्या शेजारीच आहे, अंधारातही हाताला बरोबर सापडतो.