दुसऱ्याचं टपाल दाबणं म्हणजे चोरीच

मनीषनगरच्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये रविवारच्या मीटिंगला वाद पेटला तो टपालावरून. तिसऱ्या माळ्यावरच्या मावशींचं चेकबुक ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' दिसतंय, पण मावशींच्या हाती काही आलं नाही. चौकीदार म्हणतो, टेबलावर ठेवलं होतं. त्यावर एक सभासद बोलले, "चेकबुकच त गेलं, सोनं थोडी गेलं! बँक दुसरं देते."

मला राग आला तो या बेफिकिरीचा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ आधी हे विचारतं की वस्तू मालकाला न विचारता, लबाडीनं हलवली का. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. माल पाच हजारांच्या आतला, गुन्हा पहिलाच आणि वस्तू परत केली, तरच समाजसेवेवर सुटका. राहत्या घरातून उचललं तर कलम ३०५, म्हणजे सात वर्षांपर्यंत. आणि "माझ्या डब्यात आलं म्हणून ठेवलं" म्हणणाऱ्यांसाठी कलम ३१४ आहे. चुकून आलेली दुसऱ्याची वस्तू लबाडीनं पचवली, तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, शिवाय दंड.

१८९८ च्या पोस्ट कायद्यात टपाल चोरणाऱ्या पोस्ट कर्मचाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैदेचं वेगळं कलम होतं. जून २०२४ मध्ये नवा पोस्ट कायदा लागू झाला, त्यात ते राहिलं नाही. आता सगळी भिस्त संहितेवर. लोकसेवकानं विश्वासघात केला तर तिथे जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, हे खरं. तरी ते वेगळं कलम राहायला हवं होतं, असं माझं मत. बाकी पोस्टमनवर खापर फोडायची घाई नको. मे महिन्याच्या उन्हात तो येतो, तर जिन्याखाली मीटरशेजारी आमचे डबे कसे? अर्ध्यांना झाकण नाही, एकाचं तारेनं बांधलेलं, आत कोचिंग क्लासची पत्रकं कोंबलेली.

खरा फटका नोटिशीचा बसतो. चेक बाउन्सची नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरावे लागतात. बरोबर पत्त्यावर रजिस्टर्ड टपालानं नोटीस पाठवली असेल, तर ती मिळाली असं कोर्ट धरून चालतं. मिळाली नाही, हे सिद्ध करायचं काम तुमचं. मधल्या मधे कोणी पाकीट लंपास केलं की बसा वकिलाच्या पायऱ्या झिजवत.

म्हणून डब्याला कुलूप लावा, आणि चौकीदाराकडे सहीचं रजिस्टर ठेवा. कागद महत्त्वाचा असेल तर स्पीड पोस्ट करतानाच ओटीपी डिलिव्हरी मागा, पाच रुपये आणि जीएसटी, बस. घर बदललं तर बँकेला कळवा, शिवाय जुन्या भागातल्या पोस्टात टपाल वळवायचा अर्ज द्या. भाडेकरूंना हे सांगूनही कोणी करत नाही, हा भाग वेगळा.

चेकबुक गेलंच तर आधी बँकेला फोन करून ते चेक थांबवा, मग ठाणं गाठा. "आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवता येत नाही, फिर्याद कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. ऑनलाइन दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. अर्जात मात्र 'गहाळ' लिहू नका. तसं लिहिलं की गहाळ झाल्याचा दाखला हातात ठेवून बोळवण होते. चोरीचा संशय असेल तर 'चोरी' असंच लिहा, ट्रॅकिंगची प्रिंट जोडा आणि एफआयआरची प्रत मागून घ्या. ती फुकट मिळते.