आमेननंतर गोड काय?

जेवणाआधीची प्रार्थना पोरांना शिकवणं मुळीच कठीण नाही. पोटात कावळे कोकलत असतात, समोर तळलेला बांगडा असतो, आणि आमेन म्हटल्याशिवाय मम्मी ताटाला हात लावू देणार नाही हे ठाऊक असतं. आमची दोघं ती मडगावहून सुटलेल्या राजधानीसारखी म्हणतात; मधली स्टेशनं घेतच नाहीत.

पण त्या प्रार्थनेत आपण आशीर्वाद मागतो. आभार मानायचे ते जेवण झाल्यावर. हा क्रम नक्की एखाद्या मठात ठरला असणार. मठात पोरं नसतात. आमच्याकडे शेवटचा घास पोटात जायच्या आत खुर्च्या रिकाम्या!

धरून बसवलं तर शंका. थोरला यंदा पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा म्हणून, दोतोर्नला (धर्मशिक्षणाच्या वर्गाला) जातो, त्यामुळे मुद्देसूद झालाय.

"तुझ्या सर्व उपकारांबद्दल म्हणजे दुधीबद्दलपण?"

"दुधीबद्दलपण."

"मग मी 'बहुतेक उपकारांबद्दल' म्हणू?"

धाकटी तेवढी श्रद्धाळू. शेवटी मृतांच्या आत्म्यांना शांती मागायची वेळ आली, की तिने हात जोडून, मान तिरकी करून ताटातल्या काट्यांकडे पाहिलं. डोकं शाबूत होतं, डोळा तिच्याकडेच.

"यालापण?"

मी वसईची, असल्या प्रश्नांची तयारी माहेरी कुणी करून घेतली नव्हती. सासूबाईंनी मात्र पाणी पिता पिता निकाल दिला, "ताका केन्नाच शांती मेळ्ळी गो बाय, तुज्या पोटांत."

सासूबाईंचं बरं आहे. संध्याकाळच्या तेर्साला, म्हणजे रोझरीच्या प्रार्थनेला, लितानी (विनवण्यांची लांबलचक माळ) येईपर्यंत पोरं पेंगतात, पण संपताच बेसांव, म्हणजे मोठ्यांचा आशीर्वाद, मागायला टुणकन उभी. तिथे डोक्यावर हात फिरतो आणि कधीमधी पेपरमिंट मिळतं.

कृतज्ञता डोळ्यांनी दिसावी म्हणून ५ ऑगस्टला मडगावजवळच्या राय गावी कोणसांच्या फेस्ताला, म्हणजे नव्या कणसांच्या सणाला, नेलं. फादरनी नव्या भाताची कणसं कापली, आशीर्वादित केली. थोरला मन लावून बघत होता. मी सुखावले.

"मम्मी, इथे खायच्या आधीच आभार मानतात. आपल्याकडेच का नंतर?"

शेवटी बेबिंक, म्हणजे गोव्याचं ते थराथरांचं गोड, कामी आलं. आभाराच्या प्रार्थनेनंतरच तुकडा, असा कायदा केला. आता खुर्च्या भरलेल्या असतात, हात जोडलेले असतात. फक्त सुरुवात करण्यापूर्वी थोरला एकदा स्वयंपाकघरात डोकावून येतो.

"आज गोड काही नाही? मग मी नुसतं आमेन म्हणतो."