ड्रीपर विचारतो, मजला कोणता?

मुंबईत बिल्डर दर मजल्यामागे चौरस फुटाला पैसे वाढवतो आणि आपण दात विचकत ते भरतो. वर वारा आहे, उजेड आहे, समोरच्या बिल्डिंगीच्या फटीतून बोटभर समुद्र आहे. पुढे कधीतरी खिडकीच्या ग्रीलमध्ये वीसेक कुंड्या गोळा होतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला जायचं ठरतं, कुंड्यांना पाणी घालायला शेजारी तयार होत नाहीत आणि मग ठिबकचा विषय निघतो: नळाला नळी आणि नळीला कुंडीगणिक थेंब-थेंब पाणी सोडणारा ड्रीपर. तेव्हा कळतं की बिल्डर मजल्यागणिक जे वाढवतो ते ड्रीपर मजल्यागणिक कापून घेतो.

लिफ्टमध्ये लोक विचारतात, "अहो, तुम्हाला त्यातलं कळतं ना? ड्रीपर किती लिटरचा लावू?" मी म्हणतो, "कितवा मजला?" समोरच्याला वाटतं मी बटण दाबायला विचारतोय, आणि तो मुकाट्याने "पाचवा" म्हणतो. वास्तविक उत्तराची सुरुवात तिथूनच होते.

ड्रीपरच्या पाकिटावर २, ४, ८ लिटर ताशी असं छापलेलं असतं. हा आकडा साधारण एक बार दाबाचा, म्हणजे ढोबळमानाने डोक्यावर दहा मीटर पाणी असेल तेव्हाचा. जळगावच्या केळीच्या बागेत पंप हा दाब इमानेइतबारे देतो. आपल्याकडे पंप पाणी गच्चीवरच्या टाकीत नेऊन टाकतो आणि हात झटकतो. पुढचं काम गुरुत्वाकर्षणाचं. सात मजली बिल्डिंग धरा. टाकीच्या खालीच असलेल्या सातव्या मजल्याच्या नळावर जेमतेम साडेतीन मीटर पाणी उभं असतं. पुढे एकेक मजला खाली उतरलं की तीन-तीन मीटर वाढतं. पहिल्या मजल्यावर ते एकवीस मीटरच्या वर जातं.

आता साधा ४ लिटरचा ड्रीपर घ्या. दाब चौपट झाला की त्याचं पाणी दुप्पट होतं, म्हणजे हिशेब वर्गमुळाचा. शाळेत वर्गमूळ शिकताना "हे पुढे कुठे लागणार?" असं विचारलं होतं, त्याचं उत्तर ग्रीलमध्ये लटकलंय. सातव्या मजल्यावर हा ड्रीपर ताशी सव्वादोन-अडीच लिटर देतो, पहिल्यावर पावणेसहा. छापल्याप्रमाणे चार लिटर मिळतात ते फक्त पाचव्या मजल्याच्या आसपास. लिफ्टमधला पाचवा नशीबवान.

तेव्हा खालच्या मजल्यावाल्यांनी दाब सांभाळणारा, पीसी म्हणतात तो ड्रीपर घ्यावा. त्याच्या पोटात रबराची चकती असते. दाब वाढला की ती दबून वाट अरुंद करते, त्यामुळे पाणी तेवढंच राहतं. मात्र तिला काम करायला निदान अर्धा-एक बार लागतो. वरच्या मजल्यावर महागाचा पीसी लावणं म्हणजे वॉचमनला पगार देऊन गेट उघडंच ठेवणं. वरच्यांनी साधा ड्रीपर घ्यावा आणि वेळ वाढवावी. टॉवरवाल्यांचं गणित निराळं, तिथे काही मजल्यांमागे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो. त्यांनी प्लंबरला विचारावं. तो दोनदा बोलावून येईल आणि तिसऱ्यांदा सांगेल.

वरच्या मजल्याची आणखी एक गंमत आहे. ग्रीलची वरची फळी आणि खालची फळी यांत दीड मीटरचं अंतर असेल, तर सातव्या मजल्यावर खालच्या कुंड्यांना वरच्यांपेक्षा वीसेक टक्के पाणी जास्त जातं. पहिल्या मजल्यावर हाच फरक तीन-चार टक्क्यांचा, कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून वरच्यांनी तहानलेली झाडं, मोगरा-जास्वंद वगैरे, खाली ठेवावीत आणि कोरडी प्रकृतीवाली वर.

बाजारातल्या तयार किटमध्ये एक लाल टोपीचा ड्रीपर असतो. टोपी फिरवली की थेंबापासून कारंज्यापर्यंत काहीही. तो दिसतो छान, आणि खिडकीतल्या बागेसाठी यासारखी कटकट नाही. वीस टोप्या वीस वेगवेगळ्या मापांवर फिरलेल्या, आणि आठ दिशांना उडणाऱ्या चिळकांड्यांपैकी चार ग्रीलच्या बाहेर. तिथे मुंबईचा दुसरा मोठा प्रश्न सुरू होतो, तो म्हणजे खालच्या मजल्यावर वाळत घातलेले कपडे. बारीक नळीच्या टोकाला बाणासारखी खुंटी असते, ती मातीत खोचायची आणि पाणी तिच्यावरून उतरत जातं, तो प्रकार ग्रीलला सगळ्यात सभ्य.

सामान फार लागत नाही. बारा मिलिमीटरची काळी मुख्य नळी आठ-दहा मीटर, चार मिलिमीटरची बारीक नळी पंधरा मीटर, वीस-बावीस ड्रीपर, चार टी, चार एल्बो, शेवटचं बूच, जाळीचा फिल्टर १२० मेशचा (म्हणजे इंचाला १२० छिद्रं), एक टायमर. सोळा मिलिमीटरची नळी शेतकऱ्यांसाठी सोडा. वीस कुंड्यांना तासाला ऐंशी लिटरसुद्धा लागत नाहीत. दोन्ही नळ्या काळ्याच घ्या. पारदर्शक नळीत आठवड्यात शेवाळ धरतं, आणि ते फिल्टरच्या पुढे असल्याने थेट ड्रीपरच्या नाकात जातं. नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअरच्या दुकानांत हे सगळं एका फेरीत मिळतं. फक्त घरून निघताना नळाचे आटे मोजून जा, अर्धा इंच की पाऊण. वॉशिंग मशीनच्या नळाला बहुधा पाऊण असतो, पण "बहुधा" या शब्दाची किंमत लोकलचं परतीचं तिकीट आणि एक रविवार.

टायमरला लोक हलक्यात घेतात. त्याचे दोन प्रकार, आणि डब्यावर हे ठळक लिहिलेलं नसतं. एकात सोलेनॉइड, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारा व्हॉल्व्ह असतो. त्याचा पडदा उचलायला पाण्याचाच थोडा दाब लागतो. सातव्या मजल्यावर हा "टिक" करतो आणि पाणी येतच नाही. दुसऱ्यात छोटी मोटर बॉल व्हॉल्व्ह फिरवते, त्याला दाब असो नसो सारखंच. वरच्या तीन मजल्यांनी डोळे मिटून दुसरा घ्यावा.

जोडणीचा क्रम नळ, टायमर, फिल्टर, मग नळी. फिल्टर आधी की टायमर आधी यावर जाणकारांत भांडणं आहेत. माझं मत टायमरच्या बाजूने. तो बंद असेपर्यंत पुढच्या एकाही जोडावर दाब नसतो, त्यामुळे काही निसटलं तर त्या दहा मिनिटांतच निसटेल. टायमर शेवटी लावला तर मधला सांधा मंगळवारी दुपारी, तुम्ही अंधेरीला मीटिंगमध्ये असताना सुटतो आणि हॉलमध्ये मिठी नदी. टेफलॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या दिशेने, सात-आठ वेढे. उलटा गुंडाळला की पिळताना सुटून येतो. आत रबरी वायसर असेल तिथे टेप लावायचाच नाही.

मुख्य नळीचं वेटोळं अर्धा तास उन्हात टाका, मग ती माणसासारखी सरळ होते. ग्रीलला बांधताना थोडी सैल, कारण मे महिन्यात ती लांबते आणि करकचून बांधली असेल तर नागासारखी फणा काढते. भोक पाडायला पंचच वापरा. कंपासपेटीतलं कर्कटक आणि तापवलेला खिळा ही आपल्या राष्ट्रीय स्वभावाची दोन टोकं आहेत. पंच गोल तुकडा कापतो. खिळा भोक फाडतो किंवा वितळवतो आणि ते जन्मभर गळतं. चुकलेल्या भोकासाठी बारीक बुचं मिळतात, ती डझनभर घ्या. अर्ध्या डझनात भागेल असं वाटणं हा पहिल्या दहा मिनिटांतला आत्मविश्वास.

खरा कस लागतो चार मिलिमीटरची नळी काटेरी जोडावर चढवताना. जोडाचं टोक नळीच्या आतल्या मापापेक्षा मुद्दामच मोठं असतं, म्हणून तर ते धरून ठेवतं. नळी तोंडाशी येते, अर्धा मिलिमीटर आत जाते आणि थांबते. तुम्ही जोर लावता, नळी दुमडते. चिमटीत धरून फिरवता, अंगठ्याची कातडी फिरते. वीस कुंड्या म्हणजे चाळीस टोकं, आणि सातव्या टोकानंतर माणूस देवाचं नाव वेगळ्या स्वरात घेऊ लागतो. उपाय चहाच्या आधणात आहे. उकळतं पाणी पेल्यात घ्या, नळीचं टोक तीस सेकंद बुडवा, बाहेर काढून सरळ एका दमात दाबा. लोण्यासारखी जाते आणि थंड झाल्यावर घट्ट आवळते. तेल किंवा साबण लावू नये. ज्या गुळगुळीतपणाने नळी आत जाते त्याच गुळगुळीतपणाने पहाटे बाहेर येते. पेला मात्र वेगळा ठेवा. त्यावरूनही घरात बोलणं होतं.

सगळं जोडून झालं की शेवटचं बूच उघडं ठेवून दोन मिनिटं पाणी सोडा. प्लास्टिकचा कीस, माती, टाकीतला गंज निघून जातो. नंतरच बूच. आता प्रत्येक ड्रीपरखाली एक कप आणि मोबाइलवर दहा मिनिटं. दोन लिटरचा ड्रीपर दहा मिनिटांत तीनशे तेहतीस मिली देतो, असं कागद म्हणतो. तुमच्या मजल्यावर किती देतो ते कप सांगतो. औषधाच्या बाटलीच्या टोपणाने मोजा. मेच्या उन्हात दहा इंची कुंडीतल्या तुळशीला रोज अर्ध्या लिटरच्या आसपास लागतं, चौदा इंचीतल्या जास्वंदीला लिटर-दीड लिटर. टायमर एकच, वेळ सगळ्यांना सारखी, म्हणून फरक ड्रीपरने करायचा: तुळशीला एक, जास्वंदीला समोरासमोर दोन. खोडाला चिकटवून लावू नका, खोड आणि काठ यांच्या मध्ये. कोरफड या भानगडीत घेऊच नये, ती रोजच्या पाण्याने कुजून निषेध नोंदवते.

कोकोपीट, म्हणजे कुंडीत मातीऐवजी घालतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा ठणठणीत वाळलं की पाणी शोषतच नाही. ते कडेने घसरत थेट खालच्या भोकातून खालच्यांच्या चादरीवर. म्हणून एकदम वीस मिनिटांऐवजी सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं. कुंडीखाली ताटली ठेवलीत तर आठवड्यातून एकदा तरी पुसून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून पंख फुटेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात, आणि महापालिकेचे कर्मचारी टॉर्च घेऊन नेमकी हीच ताटली बघतात.

टायमर बंद झाल्यावरही पाच मिनिटं एकच कुंडी ठिबकत राहते, तेव्हा टायमर बिघडलेला नसतो. नळीत उरलेलं पाणी सगळ्यात खालच्या ड्रीपरमधून निथळतं. बारा मिलिमीटरच्या दहा मीटर नळीत पाऊण लिटर पाणी मावतं, तेव्हा त्या जागेवर अळू लावा आणि विसरून जा.

नळच नसलेल्या गॅलरीत लोक बादलीत छोटा पंप सोडतात. बादली स्टुलावर, कुंड्या खाली. पंप वेळेवर बंद होतो, पण नळी पाण्याने भरलेली असते आणि टोक बादलीपेक्षा खाली. मग सायफनने पंधरा लिटरची बादली शेवटच्या थेंबापर्यंत रिकामी होते, शिवाय आवाज न करता. बादली कुंड्यांपेक्षा खाली जमिनीवर ठेवली की हा प्रकार थांबतो. खर्च शून्य, फक्त स्टूल मोकळं होतं.

टायमरला वेळ कळते, पाणी कळत नाही. सोसायटीचा वॉचमन सकाळी सहाला चावी फिरवतो आणि नऊला बंद करतो. तुम्ही "पहाटे झाडांना बरं" म्हणून पाचची वेळ लावली की टायमर शिस्तीत उघडतो, दहा मिनिटं हवा सोडतो, शिस्तीत मिटतो. तलाव तळाला गेले आणि कपात लागली की वॉचमनच्या वेळा पुन्हा बदलतात. त्या लिफ्टशेजारच्या फळ्यावर खडूने लिहिलेल्या असतात, तो फळा वाचायची सवय लावा. चावी उघडल्यावरचं पहिलं पाणी गंज घेऊन येतं, म्हणून साडेसहा ही वेळ बरी. फिल्टरची जाळी पंधरा दिवसांनी जुन्या टूथब्रशने घासा. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ड्रीपरच्या तोंडावर पांढरा थर धरतो. रात्रभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात टाकून ठेवले की उतरतो. महिनाभर बंद ठेवलेल्या ड्रीपरमध्ये मुंग्या घर करतात. त्या फुंकून निघत नाहीत आणि तोंडाने ओढून बघू नये, इतकंच सांगतो.

जूनमध्ये लोक टायमरचे सेल काढून ठेवतात. मुंबईत चार महिन्यांत सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, झाडांना आणखी काय हवं, असा हिशेब. पण ग्रीलवर पत्रा असतो, आणि पत्र्याखाली त्या पावसातलं चमचाभर येतं. आतली तुळस भर जुलैत तहानेने माना टाकते. त्यामुळे आतल्या फळीचं ठिबक चालूच ठेवावं लागतं, वेळ निम्मी करून. बाहेर धो धो कोसळत असतं, रुळांवर पाणी साचून गाड्या थांबलेल्या असतात, साडेसहाला टायमर "टिक" करतो, तुळशीत थेंब-थेंब सुरू होतं, आणि खालच्या खिडकीतून काकू मान वर करून ओरडतात, "अहो, तुमच्या कुंड्यांचं पाणी येतंय बघा!"