आखाडा खणावा पाहुण्यांसाठी

कसोटी मालिका घरी आहे ना? मग काळजी कसली! पाहुण्यांच्या फलंदाजीचा अभ्यास वगैरे सोडा, आधी खेळपट्टीचं पाणी तोडा. गवत खरवडून काढा. रोलर मधोमध फिरवा, टोकं भुसभुशीत राहू द्या, म्हणजे आपल्या फिरकीपटूंचा चेंडू वळेल. मग कोचनं उकिडवं बसून अंगठ्यानं माती दाबावी, चेहरा गंभीर ठेवावा आणि काही न बोलता उठावं.

कुणी टोकलंच तर विचारावं, "तुम्ही आम्हाला तुमच्या वेगवान गोलंदाजांच्या हिरव्या कुरणावर खेळवता, तेव्हा?" प्रश्न बिनतोड आहे. (खरंच आहे.)

कित्ता म्हणून नागपूर, 2015 गिरवा. दक्षिण आफ्रिका 79 वर गारद, सामना खिशात. आयसीसीनं खेळपट्टीला 'खराब' असा शेरा मारला. पण जिंकल्यावर प्रगतिपुस्तक बघतो कोण?

अडचण एकच: मातीला पासपोर्ट वाचता येत नाही. 2004 साली वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या मायकल क्लार्कनं, म्हणजे चक्क एका फलंदाजानं, 9 धावांत 6 बळी घेतले. आपण 13 धावांनी जिंकलो, म्हणून ते हसण्यावारी गेलं. 2017 ला पुण्यात ऑस्ट्रेलियाच्याच स्टीव्ह ओकीफनं पहिल्या डावात 35 धावांत 6 घेतले आणि दुसऱ्या डावात 35 धावांतच 6, जणू झेरॉक्स काढली. आपण 333 धावांनी हरलो. 2024 ला पुण्यातच न्यूझीलंडच्या सँटनरनं 13 बळी घेतले, आपण पुन्हा हरलो. पुढे त्याच मालिकेत वानखेडेवर 147 हव्या असताना आपण 121 वर आटोपलो. तिथे एजाज पटेलचे 11 बळी, पण गडी जन्मानं मुंबईकर, तेव्हा विकेटा घरातच राहिल्या म्हणायच्या. 2025 ला कोलकात्यात ईडनवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हव्या होत्या 124, झाल्या 93. आपले कोच म्हणाले, खेळपट्टी आम्हाला हवी तशीच होती. मागितलं ते मिळालं, आणखी काय पाहिजे?

या चारही पराभवांत नाणेफेक पाहुण्यांनी जिंकली होती, म्हणजे खेळपट्टी उखडण्याआधी फलंदाजी त्यांची. नागपूरला आणि 2004 च्या वानखेडेवर ती आपण जिंकली होती. तेव्हा पुढच्या वेळी नाणंसुद्धा क्युरेटरकडूनच बनवून घ्या.

आणि हो, चौथ्या दिवसाचं तिकीट काढू नका. वरच्या सहाही कसोट्या तिसऱ्या दिवशीच आटोपल्या. पोळीभाजीचे डबे तीनच न्या.